बाहेरचं सिम

१

बारामतीहून इंदापूरकडं निघालं आणि काटेवाडी मागं पडली, की उजव्या हाताला एक वाडी लागते. नाव सांगत नाही. माणसं अजून तिथंच नांदतायत, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. तर त्या वाडीच्या चौकात फेब्रुवारीत एक भलामोठा फ्लेक्स लागला. बावीस जणांचे गोल फोटो, मधोमध उडतं विमान आणि खाली 'व्हिएतनाम अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. ड्रॅगन फ्रूट लावलेल्या शेतकऱ्यांचा गट होता, निम्मे वाडीतले आणि निम्मे इंदापूरकडचे. ज्या देशात हे पीक वर्षानुवर्षं घेतात तिथं जाऊन आठ दिवस बागा बघायच्या, असा बेत ठरला होता.

फ्लेक्सवर सगळ्यांत मोठा फोटो मानसिंग आप्पांचा. वाडीत पहिलं ड्रॅगन फ्रूट त्यांनी लावलं, तेव्हा आप्पानं निवडुंग लावला म्हणून लोक हसले होते. आता तेच लोक रोपं मागायला दारात उभे राहतात. आप्पा एकसष्ट वर्षांचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून तिखट. घरात मुलगा सौरभ, तो लोणी देवकरच्या एका कारखान्यात शिफ्टवर जायचा, आणि सून प्रतिक्षा.

प्रतिक्षावर आप्पांचा फार जीव. लग्नानंतर तिनं बी.कॉम. पुरं करायचं म्हटलं तेव्हा सगळे गप्प बसले. आप्पाच दोन वर्षं तिला मोटारसायकलवर बारामतीला कॉलेजात सोडायला जात होते. तिची परीक्षा सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहायचे. आता गटाचं सगळं लिहिणं-भरणं तिच्याच गळ्यात पडलं. पासपोर्टच्या प्रती, व्हिसाचे फॉर्म, आणि शेवटी सिम.

हे सिम म्हणजे हातात धरून दाखवायची वस्तू नव्हती. कार्ड नाही, काही नाही. ॲपवरून प्लॅन घ्यायचा, ठिपक्यांचं एक चौकोनी चित्र येतं, ते फोननं स्कॅन करायचं, की फोनात आणखी एक लाइन दिसायला लागते. परदेशात उतरलं की ती तिथलं नेटवर्क पकडते आणि इंटरनेट सुरू होतं. दहा दिवस, दहा जीबी. बावीसपैकी नऊच जणांचे फोन त्या लायकीचे निघाले, बाकीच्यांनी त्यांच्या हॉटस्पॉटवर भागवायचं ठरलं. नऊच्या नऊ प्लॅन प्रतिक्षानं स्वतःच्या ॲपवर घेतले आणि एकेकाचा फोन हातात घेऊन स्कॅन करून दिले.

गटाचे म्होरके जोतीराम तात्या. त्यांना काही ते पटेना. कार्ड नाही तर सिम असतंय कुठं, असं त्यांनी तीनदा विचारलं. ते फोनातच असतं, फक्त तिथं पोचल्याशिवाय जागं होत नाही, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून गटात त्याचं नाव 'बाहेरचं सिम' पडलं.

निघायच्या दिवशी चौकात हलगी लागली, हार झाले, नारळ झाले. प्रतिक्षानं आप्पांना ओवाळलं. आप्पांनी माइक हातात घेतला आणि पोराटोरांकडं बघत म्हणाले, "इमानाला भिऊन माघारी फिरणाऱ्यानं आत्ताच नाव सांगावं. त्याची बॅग आमी घिऊन जातो." चौक खदखदून हसला. बस हलली तेव्हा आप्पा दारातल्या पायरीवर उभे राहून हात हलवत होते.

२

दुसऱ्या दिवशी उजाडताना आप्पा घराच्या मागच्या बाजूनं, उसातून, चालत आले.

प्रतिक्षा गोठ्यात होती. आप्पांची विजार गुडघ्यापर्यंत ओली, अंगात तोच पांढरा शर्ट, हातात काही नाही. बॅग तात्यांकडंच राहिली होती. खिशात पासपोर्ट आणि फोन तेवढा होता. वाशीच्या मार्केटला भाजी टाकून रिकामा परतणारा एक टेम्पो त्यांना मिळाला होता, तो कालव्याच्या पुलावर सोडून पुढं गेला. ते खाली बसले, तिनं पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही.

"इमानाच्या रांगेत हुबा व्हतो," ते म्हणाले. "छातीत धडधडाय लागलं. फुडं पायच उचलंना."

एवढंच. भ्यायलो असं ते म्हणाले नाहीत आणि तिनं विचारलं नाही. सौरभ उठून आला, बघून कपाळाला हात लावून बसला. चौकात फ्लेक्स, कालच्या भाषणाचा व्हिडिओ पंचक्रोशीतल्या फोनांत फिरतोय, आणि माणूस गोठ्यात. आता गावात तोंड दाखवलं तर जन्मभर पोरं 'आप्पा, बॅग देऊ का?' म्हणून विचारणार. आप्पांना ते सोसलं नसतं. कुणाला सोसलं असतं?

मग बापलेकांनीच तोड काढली. ऊसतोड अजून त्यांच्या रानात आली नव्हती, घराभोवती पुरुषभर ऊस उभा होता. आप्पांनी मागच्या खोलीत राहायचं. आठव्या दिवशी बस परत येताना भिगवणच्या अलीकडच्या ढाब्यावर चहाला थांबेल, तेव्हा गुपचूप त्यांना बसमध्ये चढवायचं आणि सगळ्यांबरोबर चौकात उतरवायचं. सौरभनं तात्यांना लगेच मेसेज टाकला, की आप्पांचं तेवढं सांभाळून घ्या. तात्यांचं उत्तर आलं, की काळजी नको, आप्पा आमच्याबरोबरच आहेत. म्हणजे एकवीस जणांच्या तोंडाला कुलूप, असं बापलेकांनी धरलं.

प्रवासातून आलेल्या माणसावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत. प्रतिक्षा भाकरी आणायला वळलीही होती. सौरभनं तिला थांबवलं. आलाच नाही म्हटल्यावर ओवाळायचं कुणाला? आप्पा मागच्या दारानं तसेच आत गेले.

३

मागची खोली म्हणजे अडगळ. ड्रिपच्या नळ्यांची वेटोळी, खताची पोती, एक लोखंडी खाट, आणि उसाकडं उघडणारी एक खिडकी. दाराला आतून खिट्टी नव्हती. प्रतिक्षानं खाटेवर गादी टाकली, पंखा पुसला. आप्पांचा फोन तिनं स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ठेवला, कारण ते त्यावर कुणाशी बोलले आणि आवाज बाहेर गेला तर पंचाईत.

दुपारी काम उरकल्यावर तिला सिमची आठवण झाली. प्लॅन वापरायला सुरुवात झाली नसेल तर रद्द करता येतो, असं ॲपवर लिहिलेलं होतं. आता आप्पा घरीच आहेत म्हटल्यावर चालू ठेवून करायचं काय? तिनं ॲप उघडलं. आठ प्लॅन सुरू झालेले दिसत होते, ते बरोबरच होतं. नववाही सुरू झालेला होता. आप्पांच्या नावापुढं हिरवा ठिपका, आणि वापर, तीनशे एमबी.

तिनं कंपनीच्या मदतखिडकीला लिहिलं, की काहीतरी चुकलंय, हा फोन भारतात आहे. थोड्या वेळानं उत्तर आलं. हा प्लॅन आज सकाळी हो ची मिन्ह शहरात नेटवर्कला जोडला गेला. ज्या फोनमध्ये तो टाकला होता त्याच फोनमधून वापर चालू आहे. सुरू झालेला प्लॅन रद्द होत नाही.

फोन समोर ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी पडला होता. तिनं तो उचलून पाहिला. स्कॅन करताना आपण कुणाच्या तरी फोनवर आप्पांचं चित्र लावलं असेल, घाईत होतो, असं तिनं स्वतःला समजावलं. पण एक चित्र एकदाच चालतं, आणि आप्पांच्या फोनात ती दुसरी लाइन स्पष्ट दिसत होती. मशिनं चुकत नाहीत असं थोडंच आहे? तिनं फोन परत ठेवला आणि पीठ मळायला घेतलं.

४

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दूध घालायला डेअरीवर गेली. रांगेत पुढं जयवंता आत्या होत्या, वाडीतली कुठलीही बातमी त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. तेवढ्यात तात्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागं गाड्यांचे हॉर्न, उन्हात चमकणारे पत्रे. तात्या खुशीत होते. जेवण बेचव आहे, पण माणसं चांगली आहेत, असं बरंच सांगून म्हणाले, "आप्पांची काळजी करू नगंस. सगळ्यात फुडं त्येच असत्यात. आत्ता बी त्या बागवाल्याबरं हुज्जत घालत्यात."

जयवंता आत्या कान देऊन ऐकत होत्या. प्रतिक्षा हसली आणि आप्पांना औषधं वेळेवर घ्यायला सांगा म्हणाली. तात्या किती पोचलेला माणूस आहे, मागं बाई उभी दिसली आणि लगेच सांभाळून घेतलं, असं तिला वाटलं. घरी येईपर्यंत तिला त्याचं कौतुकच वाटत होतं.

रात्रीच्या जेवणाआधी गटाच्या ग्रुपवर फोटो आले. ड्रॅगन फ्रूटच्या बागेत सगळे ओळीनं उभे. तिनं सहज मोजले. बावीस भरले. बाविसावा तिथला गाइड असेल. एका फोटोत पाठमोरा एक माणूस, पांढरी टोपी किंचित डावीकडं झुकलेली, एका हातानं खांब चाचपून बघतोय. टोप्या सगळ्यांच्याच पांढऱ्या. सौरभनं तो फोटो मोठा करून पाहिला आणि हसला. तात्यांनी कुणाला तरी आप्पांसारखं उभं केलंय, म्हणाला, किती डोकं लावतात बघ.

ती ताट घेऊन मागच्या खोलीत गेली. आप्पा खाटेवर बसले होते, भिंतीकडं तोंड करून. सकाळचं ताट तसंच झाकलेलं होतं.

"भूक न्हाय," ते म्हणाले. "आत्ता तर जेवलो." आणि मग तिला सांगायलाच हवं अशा आवाजात म्हणाले, "प्रतिक्षा, तितं रातचं बागंत दिवं लावत्यात. झाडागणिक एक दिवा. फूल लवकर धरतंय त्यानं. आपण बी लावू."

तिनं बरं म्हटलं. बागेतल्या दिव्यांचे फोटो ग्रुपवर दुसऱ्या दिवशी आले.

५

आता एखाद्याला वाटेल, आप्पांनी हे कुठंतरी व्हिडिओत पाहिलं असेल. प्रतिक्षालाही तेच वाटलं. माणूस अडगळीत कोंडला की डोक्यात काहीबाही भरतं. तिनं प्रत्येक गोष्टीला कारण शोधलं आणि ते तिला दर वेळी सापडलंही. त्रास एवढाच होता, की रोज एक नवं कारण लागत होतं.

आप्पा जेवायला दीड तास आधी मागायचे. साडेदहा वाजले की ताट वाढ म्हणायचे आणि वाढलं की खायचे नाहीत. सात वाजता झोपायचे. तिनं मनाशी म्हटलं, घड्याळ नाही, ऊन दिसत नाही, अंदाज चुकतोय. मग एकदा ओट्यावरचा त्यांचा फोन बघताना तिच्या लक्षात आलं, की त्यावरची वेळ दीड तास पुढं आहे, व्हिएतनामात असते तेवढी. तिनं ती नीट केली. दुपारपर्यंत ती पुन्हा दीड तास पुढं गेली होती. वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या चारही काड्या भरलेल्या आणि शेजारी एक नाव, जे तिला वाचता आलं पण उच्चारता आलं नाही. त्या स्वयंपाकघरात गावातलं नेटवर्कसुद्धा खिडकीपाशी गेल्याशिवाय मिळत नाही.

सहाव्या दिवशी तिला दाढीचं सुचलं. आप्पा दिवसाआड दाढी करणारे. त्यांचा वस्तरा बॅगेत गेला होता. परवा बसमध्ये चढायचं तर खुंटं वाढलेली बरी दिसणार नाहीत, म्हणून ती सौरभचं सामान आणि आरसा घेऊन खोलीत गेली. आप्पांनी गाल पुढं केला. तिनं साबण लावायला हात नेला आणि तसाच धरला. गाल गुळगुळीत होता. ज्या सकाळी ती त्यांना ओवाळत होती त्या सकाळइतका. तिनं त्यांचा हात हातात घेऊन नखं पाहिली, तीही काल कापल्यासारखी. आणि हात फार हलका लागला. तिनं सोडला तेव्हा तो सावकाश खाली गेला.

तिला भीती वाटली. हे सरळच सांगतो, कारण ती भित्री नव्हती. ती बाहेर येऊन न्हाणीच्या दगडावर बसली आणि तिला रडू आलं.

त्याच दिवशी संध्याकाळी लाईट गेली. फीडरच गेला, सगळी वाडी अंधारली. प्रतिक्षा मेणबत्ती शोधत मागच्या बाजूला आली तर खोलीच्या दाराखालून पिवळा उजेड येत होता. एका दिव्याचा नव्हे. बराच, लांबवर पसरलेला असावा तसा. आतून आवाजही येत होता. मोटारसायकलींची घरघर, लहान आवाजात हेल काढून बोलणारी एक बाई, आणि कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते हसणं तिनं ओळखलं. आप्पा घरी आल्यापासून एकदाही हसले नव्हते.

तिनं दार ढकललं. आत मिट्ट काळोख. कसलासा खारट, आंबूस वास. मेणबत्ती पेटवल्यावर खाट दिसली, खाटेवर आप्पा, भिंतीकडं तोंड करून, मांडीवर हात ठेवून बसलेले. तिनं हाक मारली. त्यांनी मान वळवली, पण तिला ओळखायला त्यांना वेळ लागला.

६

तिनं सौरभला सांगितलं, सगळं नाही, दवाखान्याचं तेवढं. आप्पांनी पाच दिवसांत अन्न खाल्लं नाही, अंगात काही उरलं नाही, बारामतीला दाखवून आणू. सौरभलाही काळजी होतीच, बापाचा हात त्यानंही धरून पाहिला होता. पण तो म्हणाला, दवाखान्यात निम्मी वाडी भेटते. दोन दिवस राहिलेत. एवढं सगळं केलं ते पाण्यात घालायचं का? आप्पांना विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, ते दोघांनी आपापल्या सोयीनं घेतलं.

परतीच्या दिवशी सौरभची पहिली शिफ्ट होती. गटाचं विमान पहाटे निघून सकाळी साडेनऊला मुंबईत उतरणार होतं. प्रतिक्षा साडेसहाला चहा घेऊन खोलीत गेली. आप्पा खाटेवर उताणे पडले होते, डोळे अर्धवट उघडे. तिनं हाक मारली, खांदा हलवला, मग दोन्ही खांदे धरून हलवले. छाती हलत होती की नव्हती ते तिला कळेना. नाकापाशी बोट धरलं. काहीच लागलं नाही. मग फार वेळानं, इतक्या वेळानं की ती उठून उभी राहिली होती, एक बारीकसा श्वास आला.

तिनं सौरभला फोन लावला. त्यानं मशिनच्या गोंगाटात ऐकलं आणि म्हणाला, "श्वास हाय न्हवं? मग दुपारपतूर कळ काढ. बशीत बसलं की झालं. तितनं थेट दवाखान्यात नेऊ, परदेशातनं आल्यावर आजारी पडलं म्हणू."

ती खाटेशेजारी पोत्यावर बसून राहिली. रुग्णवाहिकेचा नंबर तिनं दोनदा फोनवर काढला आणि दोनदा पुसला. जिच्यासाठी हा माणूस दोन वर्षं झाडाखाली बसला होता, ती तीन तास त्याच्याकडं बघत बसली. मध्ये एकदा जाऊन तिनं त्यांचा फोन पाहिला. त्या दुसऱ्या लाइनवर आता नेटवर्क नव्हतं.

नऊ चाळीसला आप्पांनी डोळे उघडले. उठून बसले, पाय खाली सोडले आणि खाटेखाली चप्पल शोधली.

"चला," ते म्हणाले. "उतरलो."

७

ढाबा महामार्गाला लागून होता. प्रतिक्षा गाडी शिकली होती तीही आप्पांमुळंच. आज तिनं त्यांना शेजारच्या सीटवर बसवून, डोक्यावरून टॉवेल घेऊन, आडवाटेनं आणलं. त्यांना तिनं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. त्यांचा फोन त्यांच्या हातात होता, दोन्ही हातांनी धरलेला.

तीनच्या सुमाराला बस आली. सगळे उतरून मोरीकडं आणि चहाकडं पांगले. ड्रायव्हर टायर बघत होता. हीच वेळ. तिनं गाडीचं दार उघडलं. आप्पा जागचे हलले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "आदी वर जाऊन बघ. जागा हाय का माझी."

बावीस माणसांची बस, एकवीस जण गेलेले, जागा असणारच की. माणसं परत यायच्या आत चढायला हवं होतं. तिनं त्यांना दंडाला धरून उतरवलं, जवळजवळ उचललंच, आणि बसच्या दारापर्यंत नेलं. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून तिच्याकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. परक्या गावातल्या वसतिगृहात आईबाप सोडून जाताना पोरगं बघतं, तसं ते बघत होते. मग ते आत गेले. काचा काळ्या होत्या, पुढचं तिला दिसलं नाही.

चहाच्या टेबलापाशी तात्या भेटले. उन्हानं रापलेले, गळ्यात नवी पिशवी. तिनं हळू आवाजात सांगितलं, की आप्पा बसमध्ये बसलेत, तब्येत बरी नाही, जरा सांभाळा. तात्यांनी कप खाली ठेवला.

"व्हय, बसल्यात की," ते म्हणाले. "मुंबईपास्नं खालीच उतरलं न्हाईत. दमल्यात जरा. पर तब्येतीला काय न्हाय झालं, तू कशाला एवढ्या लांब आलीस?"

आजूबाजूला इंदापूरकडचे चौघेजण चहा पीत होते. तात्या अजून सांभाळून घेतायत, असं तिनं मानलं. तिला ते मानायचंच होतं.

८

साडेचारला बस वाडीच्या चौकात शिरली. हलगी कडाडली. सगळी वाडी जमली होती, जयवंता आत्या सगळ्यांत पुढं, माइक लावलेला, खुर्च्या मांडलेल्या. प्रतिक्षा गाडी मागं लावून गर्दीतून वाट काढत दारापाशी आली. आप्पा धडपडू नयेत, लगेच धरता यावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आप्पा सगळ्यांत आधी उतरले. उडी मारल्यासारखे. अंगात निळं जाकीट, कुणीतरी दिलं असेल. मान उन्हानं काळवंडलेली. गालावर दोन दिवसांची पांढरी खुंटं. लोकांनी हार घातले, ते हार सांभाळत सगळ्यांना हात जोडत राहिले. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता, गरम होता, घामाचा होता. तिच्या आप्पांचाच होता.

तिला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर इतकं बरं तिला आठ दिवसांत वाटलं नव्हतं. आप्पा माइककडं गेले आणि बोलायला लागले, आवाज पहिल्यासारखा खणखणीत. वाडीतले लोक सामान उतरवून घेत होते. इंदापूरकडचे आत बसूनच हात हलवत होते, त्यांना पुढं जायचं होतं. ड्रायव्हरनं दार लावलं आणि बस मागंपुढं करत वळवायला घेतली.

वळताना उतरतं ऊन काचांवर पडलं आणि शेवटच्या सीटपर्यंत आतलं दिसलं. तिथं एकटेच आप्पा बसले होते. पांढरा शर्ट. कपाळ काचेला टेकलेलं. ते तिच्याकडंच बघत होते, आणि त्यांनी फोन कानाला लावला होता.

प्रतिक्षाच्या हातातला फोन वाजायला लागला. त्यावर नाव होतं, आप्पा.

तिनं माइककडं पाहिलं. तिथं आप्पांचे दोन्ही हात जोडलेले होते, हारांच्या वर. ते सांगत होते, की विमानात बसायला काळीज लागतं. लोक हसत होते.

बस अजून दहा पावलांवर होती. हात वर केला असता तर ड्रायव्हर थांबला असता. मग सगळ्यांनी विचारलं असतं, काय झालं, कोण राहिलं आत? आणि तिला माइकसमोर, आप्पांसमोर, अख्ख्या वाडीसमोर सांगावं लागलं असतं, की आप्पा गेलेच नव्हते. गोठ्यातून आत घेतले होते. आठ दिवस मागच्या खोलीत ठेवले होते आणि दवाखान्यात नेले नव्हते. तिचा हात खांद्यापर्यंत आला. जयवंता आत्यांनी वळून तिच्याकडं पाहिलं. प्रतिक्षानं त्या हातानं डोक्यावरचा पदर नीट केला.

फोन वाजत राहिला. तिनं बाजूचं बटण दाबून त्याचा आवाज बंद केला. बस चौक सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागली, वळणावर तिची मागची काच एकदा चमकली आणि दिसेनाशी झाली. फोन त्यानंतरही थोडा वेळ हातात थरथरत होता.

आप्पांचं भाषण संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिक्षानंही वाजवल्या.